थ्रीडीमध्ये आईंचं शिवणयंत्र कुठे आहे?

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीत टू बीएचके घेतलाय. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई. इंटिरियरसाठी एक तरुण डिझायनर नेमली आहे. तिची थ्रीडी चित्रं सुंदर आहेत, पण त्यांत सासूबाईंचं पायाचं शिवणयंत्र कुठेच नाही. त्या अजून रोज ब्लाउज शिवतात. विचारलं तर 'ते लुकमध्ये बसणार नाही' म्हणाली. बेडरूम १० बाय ११ ची, १० फुटांच्या बाजूला पलंग आणि त्याच्या पायथ्याशी वॉर्डरोब दाखवलाय. कोटेशनमध्ये 'बेडरूम फर्निचर, लमसम' म्हणजे एकच ठोक रक्कम, एवढंच. डिझायनर हुशार आहे, तिला दुखवायचं नाही. कसं बोलावं? 
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मी स्वतः याच व्यवसायात आहे, म्हणून खात्रीने सांगते, ती दुखावणार नाही. ड्रॉइंगवर 'नको' ऐकायची आम्हाला सवय असते. सुताराने प्लाय कापल्यावर 'नको' आलं की मात्र दोन्हीकडचे पैसे आणि मनं खराब होतात. तेव्हा याच आठवड्यात बोला.

'हे आवडलं नाही' एवढंच म्हणू नका, त्यातून तिला काही धागा मिळत नाही. 'आई रोज दुपारी शिवायला बसतात, त्यांना डावीकडून उजेड लागतो, शेजारी कापड पसरायला जागा लागते' असं सांगा. एवढं कळलं की ती आपणहून खिडकी शोधेल. त्याहून बरं म्हणजे तिला एका दुपारी सध्याच्या घरी चहाला बोलवा आणि आईंच्या शेजारी बसवा. घराची पहिली बैठक राहत्या घरातच व्हावी, असं माझं ठाम मत आहे. चपला कुठे पडतात, गव्हाचा डबा केवढा, पाहुण्यांच्या गाद्यांची चळत किती उंच, हे तिथेच दिसतं. यंत्र मात्र राहणारच, हे तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी एका सुरात सांगा. एकाने हो आणि दुसऱ्याने नको म्हटलं की डिझायनरने ऐकायचं कुणाचं?

आता तो वॉर्डरोब. हेडबोर्डसकट पलंग साधारण पावणेसात फूट, वॉर्डरोबची खोली २ फूट. १० फुटांतून उरतो जेमतेम सव्वा फूट, आणि पल्ला असतो दीड फुटाचा. तो उघडताना पलंगाला अडणार. थ्रीडीत हे कळत नाही, कारण तिथला कॅमेरा भिंतीपलीकडेही उभा राहू शकतो. रिकाम्या फ्लॅटमध्ये मास्किंग टेपने फरशीवर पलंग, वॉर्डरोब आणि यंत्र आखून घ्या. घरातले सगळे त्यातून चालून बघा, आईसुद्धा. मला विचाराल तर वॉर्डरोब दुसऱ्या भिंतीला न्यावा. स्लायडिंग पल्ले केले तरी सव्वा फुटात उभं राहून साडी काढणं रोजची कटकट आहे.

लमसम कोटेशनवर सही करू नका. प्रत्येक वस्तू वेगळी लिहून मागा. वॉर्डरोब ७ फूट रुंद, ७ फूट उंच म्हणजे समोरून ४९ चौरस फूट, त्याचा दर किती? लॉफ्ट, म्हणजे वरचा माळा, त्यातच की वेगळा? आतून लॅमिनेट आहे का? प्लाय कोणता? सिंकखाली आयएस ७१० या भारतीय मानकाचा, म्हणजे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) हवा. कोरड्या बेडरूममध्ये आयएस ३०३ चा चालतो. बिजागऱ्या आणि ड्रॉवर सरकवायचे चॅनल कोणत्या कंपनीचे, १८ टक्के जीएसटी धरलाय का, हेही त्यात येऊ द्या. तिची फी वेगळी आहे की मालावरच्या कमिशनमधून निघते, हे सरळ विचारा. प्रामाणिक डिझायनरला या प्रश्नाचं वाईट वाटत नाही. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्या आणि शेवटचे दहा टक्के बारीकसारीक दुरुस्त्या होईपर्यंत हातात ठेवा.

आणखी एक. नव्या टॉवरमध्ये पुष्कळदा भिंती अख्ख्या काँक्रीटच्या असतात, त्या फोडून विजेचे पॉइंट हलवता येत नाहीत. यंत्राजवळ दिव्याला आणि इस्त्रीला पॉइंट लागेल, तो कुठून आणायचा हे फर्निचर ठरवायच्या आधी ठरवा. भिंतीवर आणि छतावर पीओपी चढण्याआधी वायरिंगचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे पडद्याचा रॉड ठोकायला येणाऱ्याला तेच दाखवायचे.