कान पुन्हा पुन्हा का चिघळतो?

प्रश्न : लॅब्रॅडॉरच्या कानात दर पावसाळ्यात तपकिरी, आंबूस वासाचा मळ येतो. कडुनिंबाचं तेल घालू का? – एक वाचक, नेरुळ

उत्तर : तेल नकोच. असा मळ बहुधा मॅलॅसेझिया यीस्टचा (एक प्रकारच्या बुरशीचा) असतो आणि ते स्निग्धावरच पोसतं. टी ट्री तेल तर कुत्र्याला विषारी. आधी पशुवैद्यांकडून मळाची स्लाइड तपासून घ्या, पडदा शाबूत आहे का तेही बघा. शाबूत असेल आणि कातडी सोललेली नसेल, तरच एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग उकळून गार केलेलं पाणी कापसाने लावा. कानकाडी मळ आत ढकलते. दर वर्षी उलटतंय म्हणजे मुळाशी ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी. ती अन्नाची आहे का हे कळायला पशुवैद्यांशी बोलून 8 आठवडे आहार बदलून पाहा. त्या काळात ठरलेल्या आहाराशिवाय चिकनचा तुकडा, बिस्किटसुद्धा नाही.