लेक मीडला पहिला ट्रेक? बोगद्यांच्या वाटेने जा

अमेरिकेतल्या नेवाडात, हूवर धरणाच्या लेक मीड जलाशयाजवळच्या बोल्डर सिटीत नवीन आहेस, तर गोल्डस्ट्राइकच्या घळीचा हट्ट आत्ता नको. ती वाट उन्हापायी 15 मे ते 30 सप्टेंबर बंदच असते. जुन्या रेल्वेची वाट धर. हूवर धरणाचं सामान न्यायला 1931 मध्ये खोदलेले पाच बोगदे लागतात, चढ जवळजवळ नाहीच. उजाडताच निघ. माणशी चार लिटर पाणी घे आणि निम्मं संपलं की तिथूनच माघारी फिर, धरण समोर दिसत असलं तरी! इथल्या कोरड्या हवेत घाम अंगावरच सुकतो, किती पाणी गेलं ते कळतच नाही. टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली की समज. परतताना हेमेनवे पार्कात थांब. डोंगरातली बिगहॉर्न मेंढरं तिथल्या हिरवळीवर चरायला उतरतात. लांबूनच बघ, खायला मात्र काही देऊ नकोस.