टाळेबंदीत इस्रायलमधल्या आजींनी नवी पातेली मावशीला भेट दिली आणि लगेच तिच्याकडूनच उसनी घेतली, हा काय प्रकार?

म्हणजे तुमची मावशी इस्रायलमध्ये एका ज्यू आजींच्या घरी राहून त्यांची देखभाल करते. 2020 साली पेसाह या ज्यू सणाआधी आजींनी स्टीलची नवी कोरी पातेली तिच्या हातात ठेवली, "ही आता तुझी" म्हणाल्या आणि लगोलग "मला वापरायला देशील ना?" म्हणून परत मागून घेतली. हा कोरोनासाठीचा काही सोपस्कार होता की आजींना भ्रम झाला होता, असं तुम्ही विचारलंय.

आजींचं डोकं उत्तम चालत होतं. मी मूळची ठाण्याची, बेने इस्रायल म्हणजे मराठी ज्यू समाजातली, आता इस्रायलमध्ये समुद्रकाठच्या अश्दोदला असते. त्या वर्षी आमच्या इमारतीतही असे व्यवहार झाले.

नियम असा की बिगरज्यू माणसाने बनवलेलं किंवा त्याच्याकडून विकत घेतलेलं, अन्नाला लागणारं धातूचं वा काचेचं भांडं वापरायला काढण्याआधी मिकवेत बुडवायचं. मिकवे म्हणजे पावसाच्या किंवा झऱ्याच्या पाण्याचं, ठरावीक रीतीने बांधलेलं कुंड. समुद्रही चालतो, नळ मात्र नाही. याचं मूळ तोरा या ज्यू धर्मग्रंथात आहे (गणना 31:22-23): मिद्यानी लोकांशी लढाई झाल्यावर लुटीत आलेलं सोनं, रुपं, तांबं, लोखंड, कथील आणि शिसं. काच पुढे ताल्मूद या धर्मचर्चांच्या ग्रंथातल्या पंडितांनी जोडली. लाकडाला आणि साध्या मातीच्या भांड्यांना हा नियम नाही, प्लास्टिकलाही बहुतेक रब्बी (धर्मगुरू) सूट देतात. भारतातून आणलेले स्टीलचे डबे मात्र हमखास बुडवावे लागतात.

बुडवायचं काम दिसतं सोपं, पण डोकेदुखी असते ती चिकटपट्टीची. किमतीचं लेबल निघतं, खालचा डिंक निघत नाही. मग खोबरेल तेल लावून नखाने खरवडत बसायचं, कारण पाणी आणि भांडं यांच्यामध्ये काहीही येता कामा नये. (आपल्याकडे भांड्यावर मशीनने नाव घालतात, त्याची अडचण नसते. आईच्या पातेल्यांवर आजोबांचं नाव आणि तारीख होती, तशीच बुडवली.) आधी हात ओला करायचा, ब्राखा म्हणजे छोटी प्रार्थना म्हणायची, मग भांडं सैल धरून पूर्ण पाण्याखाली न्यायचं. अरुंद तोंडाची बाटली तिरकी करावी लागते, नाहीतर आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि तेवढी जागा कोरडी राहते.

आता मार्च 2020 आठवा. पेसाह 8 एप्रिलच्या संध्याकाळी लागणार होता. घरोघरी नवी भांडी निघतात ती याच सणाला. भांड्यांच्या मिकवेपाशी एरवी या दिवसांत खोक्यांचा ढीग आणि माणसांची ही गर्दी असते, सगळ्यांचे हात त्याच कठड्यावर. साहजिकच ती कुंडं बऱ्याच ठिकाणी बंद झाली. बायकांच्या मासिक स्नानाचे मिकवे मात्र निर्बंध घालून चालू ठेवले होते. घरापासून शंभर मीटरच्या पुढे विनाकारण जायचं नव्हतं, म्हणजे अश्दोदला राहूनही समुद्र गाठता येत नव्हता.

लोकांनी रब्बींना फोन करून विचारलं, "उकळत्या पाण्यातून काढली तर? सॅनिटायझर लावलं तर?" उत्तर "नाही" असंच येणार. याचा जंतूंशी संबंध नाही आणि सोवळ्याशीही नाही. भांडं कोणाच्या मालकीचं, एवढाच प्रश्न आहे. ताल्मूद म्हणतो की हा नियम विकत घेतलेल्या भांड्यांना, उसन्या आणलेल्यांना नाही. शुल्हान आरुख या धर्मसंहितेत यावरून एक वाट आधीच लिहून ठेवली आहे: शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या) दिवशी न बुडवलेलं भांडं हवं असेल तर ते बिगरज्यू माणसाला भेट द्यावं आणि त्याच्याकडून उसनं घ्यावं. टाळेबंदीत अनेक रब्बींनी हीच वाट दाखवली. ज्यांच्या आसपास बिगरज्यू कोणी नव्हतं, त्यांना काहींनी सांगितलं की तिघांसमोर भांड्यावरचा हक्क सोडून ते बेवारस करा. आजींच्या घरात तुमची मावशीच होती, त्यांचं काम सोपं झालं.

ही पळवाट आहे का? माझ्या मते नाही, पण भेट खरी असेल तरच. "देते" म्हणताना मनात "देत नाही" असेल, तर पातेलं आजींचंच राहिलं आणि सगळंच फसलं. मावशी उद्या ती पातेली बॅगेत भरून निघाली, तर आजींना हरकत घ्यायची सोय नाही.

उसनवारी कायमची ठरत असेल, तर संकट टळल्यावर भांडी मिकवेत न्यावी, पण ब्राखा म्हणू नये, असा एक जुना दंडक आहे. आजींनी तसं केलं असेलही. तोवर त्यांत शिजलेलं अन्न निषिद्ध ठरत नाही, तेव्हा मावशीने जेवण वाया घालवल्याची चुटपुट लावून घेऊ नये.

मावशीची नोकरी संपताना मात्र हा विषय स्पष्ट बोलून टाकायला सांगा. पातेली तिची आहेत. न्यायची नसतील आणि तिने ती आजींना परत दिली, तर ती बिगरज्यू हातातून ज्यू घरात नव्याने आली असं होईल, आणि मग ब्राखा म्हणून रीतसर बुडवावी लागतील. झाकणांसकट. झाकणं सगळे विसरतात.