टेन-थर्टीनचं मराठी काय करायचं?

एका वाचक-भाषांतरकार ताईंची विचारणा अशी: ‘न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या पोलीस मालिकेची मराठी उपशीर्षकं करतेय. एक पोलीस जिना चढता चढता वॉकीटॉकीवर ‘टेन-थर्टीन’ असं ओरडतो. मला मिळालेल्या ‘टेन-कोड’च्या, म्हणजे अमेरिकन पोलिसांच्या बिनतारीवरच्या आकड्यांच्या, यादीत १०-१३ म्हणजे ‘हवामान व रस्त्याची स्थिती’. वर गोळ्या झाडल्या जात असताना हा हवामान कशाला विचारेल? यादी चुकली की पटकथा? आणि ‘टेन-फोर’ला मराठीत काय म्हणू?’

ताई, यादीही बरोबर आहे आणि पटकथाही. फक्त तुमच्या हाती लागलेली यादी दुसऱ्या गावची आहे.

ती बहुधा ‘ॲपको’ या संघटनेच्या यादीवर बेतलेली असणार. अमेरिकेतल्या पोलीस-बिनतारी अधिकाऱ्यांची ही संघटना १९३५पासूनची. तिच्या यादीत १०-१३ म्हणजे खरोखरच हवामान आणि रस्ते. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांत मात्र १०-१३ म्हणजे ‘पोलिसाला मदत हवी आहे’, आणि ती सुद्धा आत्ताच्या आत्ता. तो आकडा ऐकला की आसपासची प्रत्येक गाडी हातातलं काम टाकून धावते. तिथे हा आकडा इतका मुरलाय की निवृत्त पोलिसांच्या मंडळांना ‘टेन-थर्टीन क्लब’ म्हणतात आणि अडचणीतल्या सहकाऱ्यासाठी पैसे जमवायच्या कार्यक्रमाला ‘टेन-थर्टीन पार्टी’. आकड्याला असं गोत लागलं की तो आकडा राहत नाही, त्याचा शब्द होतो.

आणि शब्द झाला की त्याची बोलीही होणारच. पुण्यात ‘आज पोळ्या केल्यात’ म्हटलं तर रोजच्याच. जिथे रोजच्या पोळीला चपाती म्हणतात तिथला पाहुणा तेच वाक्य ऐकून पुरणाच्या आशेनं पाटावर बसतो. दोघांचंही मराठी शुद्धच. अमेरिकेतल्या पोलिसांचं तसंच आहे, फक्त गैरसमज झाला तर तिथे पुरणापेक्षा जास्त काही हुकू शकतं. ‘निरोप पुन्हा सांगा’ हे ॲपकोच्या यादीत १०-९, न्यूयॉर्कमध्ये १०-५. ॲपकोच्या यादीत १०-५ म्हणजे ‘हा निरोप पुढे पोचवा’. बऱ्याच ठिकाणच्या यादीत १०-५४ म्हणजे महामार्गावर गुरं आली आहेत. कॅलिफोर्नियातल्या अनेक खात्यांत १०-५४ म्हणजे बहुधा मृतदेह सापडलाय. एका खात्यातून दुसऱ्यात बदलून गेलेल्या शिपायानं पहिले काही दिवस काय काय ऐकलं असेल, कल्पना करा. शेजारच्या खात्यांचं सोडा, न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचीही स्वतःची वेगळी ‘टेन’ यादी आहे. तिथे १०-७५ म्हणजे आग खरी आहे, जोरात लागली आहे.

आता ‘टेन’च का? हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मला राहवत नाही. पोलीस रेडिओची सुरुवात १९२८ साली डेट्रॉइटमध्ये झाली तेव्हा तो एकतर्फी होता: मुख्यालय बोलणार, गाडी नुसती ऐकणार. गाडीतून उत्तर देण्याची सोय १९३३मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन इथे आली. गाडी बोलू लागल्यावर दोन अडचणी उभ्या राहिल्या. वाहिन्या मोजक्या आणि बोलणारे अनेक, म्हणून बोलणं तोकडं हवं. दुसरी अडचण यंत्राची. गाडीच्या बॅटरीवर एक छोटा मोटर-जनरेटर फिरायचा आणि रेडिओच्या ट्यूबना लागणारी जास्त दाबाची वीज तयार करायचा. बटण दाबल्यावर त्याला पुरता वेग घ्यायला सेकंदाचा काही अंश लागायचा आणि तेवढ्यात बोलण्याचं पहिलं अक्षर गिळलं जायचं. नुसतं ‘फोर’ म्हटलं तर पलीकडे काहीच ऐकू न येण्याची शक्यता. इलिनॉय राज्य पोलिसांत बिनतारी विभाग सांभाळणाऱ्या चार्ल्स हॉपर यांनी १९३७च्या सुमारास तोडगा काढला: प्रत्येक आकड्याआधी ‘टेन’ म्हणा. गिळायचं असेल तर यंत्रानं ‘टेन’ गिळावं, ‘फोर’ शाबूत राहील.

म्हणजे या ‘दहा’ला अर्थ नाही, नुसती जागा आहे. आपण फोनवर मुद्द्याचं बोलायच्या आधी ‘हं, तर…’ म्हणतो, त्याच जातीचं. यंत्रं बदलली, पहिलं अक्षर गिळणं थांबलं, ‘टेन’ मात्र राहिलं. भाषेतून असली बांडगुळं सहजी जात नाहीत, आणि मला ती फार आवडतात.

कॅलिफोर्नियाचा मामला आणखी वेगळा आहे, आणि तुमच्या मालिकेचा एखादा भाग लॉस एंजेलिसला गेला तर तिथे तुमची फजिती होईल, म्हणून लिहून ठेवतो. तिथले पोलीस रेडिओवर सरळ कायद्याची कलमं बोलतात. १८७ म्हणजे खून, २११ म्हणजे जबरी चोरी, ४५९ म्हणजे घरफोडी; तिन्ही तिथल्या दंडसंहितेची कलमं. मानसिक तोल ढळलेल्या माणसाला सक्तीनं देखरेखीखाली ठेवायचं कलम ५१५०, पण ते दंडसंहितेतलं नव्हे, कल्याणविषयक संहितेतलं. शिवाय लॉस एंजेलिसचे पोलीस ‘कोड’ लावून वेगळेच आकडे म्हणतात: कोड थ्री म्हणजे दिवा-भोंगा लावून या, कोड सेव्हन म्हणजे जेवायला जातोय, आणि कोड फोर म्हणजे आणखी मदत नको, इथे सगळं ठीक. भाषांतरकारासाठी खरा सापळा हा शेवटचा. ‘टेन-फोर’ आणि ‘कोड फोर’ कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण पहिल्याचा अर्थ ‘ऐकलं, कळलं’ आणि दुसऱ्याचा ‘येऊ नका’. कॅलिफोर्नियाचं महामार्ग पोलीस दल तर ‘इलेव्हन’नं सुरू होणारे आकडेही वापरतं, ११-९९ म्हणजे संकटातल्या पोलिसाला मदत. न्यूयॉर्कच्या १०-१३चा हा पश्चिम किनाऱ्यावरचा मावसभाऊ.

कलमाचा आकडा बोलीत शिरणं आपल्याला काही नवं नाही. ‘तो पक्का चारसोवीस आहे’ म्हणताना कुणाला भारतीय दंडसंहितेचं पान आठवत नाही. ‘तीनशेदोन लागलं’ म्हटलं की चहाच्या टपरीवरही कळतं की खुनाचं प्रकरण आहे. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं कलम १०३ झालं आणि फसवणूक ३१८मध्ये गेली. पण ‘तो पक्का तीनशेअठरा आहे’ असं कुणी म्हणताना मी अजून ऐकलं नाही. कॅलिफोर्नियातही हेच झालंय. दारू पिऊन गाडी चालवण्याचं तिथलं जुनं कलम ५०२, आताचं २३१५२. तरी जुन्या आकड्यातल्या शेवटच्या दोनावरून दारुड्या चालकाला पोलिसी बोलीत ‘ड्यूस’, म्हणजे पत्त्यातली दुर्री, म्हणायची रीत टिकून राहिली. नवा कायदा लागू करायला अधिसूचना पुरते. बोलीला अधिसूचना लागू होत नाही.

मग सगळ्यांनी मिळून एकच यादी का केली नाही? ॲपकोनं प्रयत्न केला, १९७४मध्ये सुधारित यादीही काढली. पण अमेरिकेत पोलीस ही केंद्राची बाब नाही आणि पुरती राज्याचीही नाही. गावाचे पोलीस वेगळे, काउंटीचा शेरीफ वेगळा, राज्याचे वेगळे, विद्यापीठांचे वेगळे, अशी हजारो खाती. प्रत्येकानं आपल्या गरजेप्रमाणे आकडे भरले आणि सवयीनं घट्ट केले. एरवी त्यानं फारसं बिघडत नाही, कारण शिपाई दिवसभर आपल्याच खात्याशी बोलतो. २००५मध्ये कतरिना वादळ आलं आणि ठिकठिकाणची दलं एका जागी येऊन पडली तेव्हा प्रश्न उघडा पडला. पुढे केंद्र सरकारनं आपत्तिसज्जतेच्या अनुदानाला अट जोडली: अनेक दलं एकत्र काम करत असतील तिथे साध्या इंग्रजीत बोला. रोजच्या कामात, आपल्या खात्याच्या आत, आकडे चालू ठेवायला हरकत नव्हती.

पोलिसांना ते ठेवायचे होतेच, आणि निव्वळ हट्टापायी नव्हे. समोर उभ्या इसमाच्या नावावर अटक वॉरंट आहे हे नियंत्रण कक्षानं साध्या भाषेत सांगितलं तर शिपायाच्या आधी तो इसमच ऐकणार.

इथे मराठी प्रतिशब्दाचा मुद्दा येतो. तुम्ही पत्रात एके ठिकाणी ‘परवलीचे आकडे’ लिहिलंय, ते बदला. परवल ही ओळख पटवण्यासाठी असते, पहारेकऱ्यानं हटकल्यावर द्यायची. ‘सांकेतिक भाषा’ म्हटलं की गुपिताचा वास येतो: बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून ठरवलेला भाव, किंवा लहानपणीची ‘च’ची भाषा. टेन-कोडचा पहिला हेतू गुपित हा नव्हता, थोडक्यात आणि स्पष्ट बोलणं हा होता. याद्या छापलेल्या असत आणि रेडिओ स्कॅनर घेऊन बातमीदार पोलिसांचं बोलणं खुशाल ऐकत. मला ‘संकेतांक’ बरा वाटतो, पण तो तळटिपेपुरता. संवादात ‘कोड’च ठेवा, मराठी प्रेक्षकाला तो परका नाही.

‘टेन-फोर’ला ‘दहा-चार’ करू नका, ते एसटीच्या वेळापत्रकासारखं वाटतं. हा शब्द १९५०च्या दशकात टीव्हीवरून आणि १९७०च्या दशकात ट्रकचालकांच्या सीबी, म्हणजे सामान्य नागरिकांना खुल्या असलेल्या, रेडिओवरून घराघरांत गेला, त्यामुळे अमेरिकन माणूस तो गमतीतही वापरतो. पोलीस बोलत असेल तर ‘कळलं’ किंवा ‘मिळाला निरोप’. बायकोला फोनवर म्हणत असेल तर ‘हुकूम, सरकार’ सुद्धा चालेल. ‘व्हॉट्स यॉर ट्वेंटी?’ आलं तर ते १०-२०चं, म्हणजे ठिकाण विचारणारं, लाडकं रूप: ‘कुठे आहेस?’ एवढंच लिहा. आपल्याकडच्या बिनतारीची झाक हवी असेल तर ‘रॉजर’ आणि ‘ओव्हर’ तसेच राहू द्या. मुंबईत गस्तीच्या गाडीला ‘पीटर मोबाईल’ म्हणतात. इंग्रजांच्या जुन्या बिनतारी वर्णमालेत ‘पी’चा उच्चार ‘पीटर’ असा होता, १९५६नंतरच्या आंतरराष्ट्रीय वर्णमालेत तो ‘पापा’ झाला. पापा मोबाईल काही कुणी केलं नाही.

तर तुमच्या जिन्यावरच्या पोलिसासाठी: आकडा काढून टाका. उपशीर्षकाला दोन सेकंद मिळतात, त्यात प्रेक्षकानं १३चा हिशेब करत बसू नये. ‘पोलिसाला मदत हवीय, लवकर या!’ पुरे. फक्त पुढे त्याच मालिकेत ‘टेन-थर्टीन पार्टी’ आली तर मात्र आकडा ठेवावा लागेल, म्हणून पहिल्या भागात एकदा तरी ‘टेन-थर्टीन! मदत पाठवा!’ असं दोन्ही मिळून येऊ द्या.