आधण: ऊलाँगचं आणि आपलं

एका वाचकाकडे तैवानच्या अलिशान डोंगरावरचा ऊलाँग चहा आलाय. पाकिटावर ‘९५ अंशांच्या पाण्यात ब्रू करा’ असं लिहिलंय. विचारतात, ‘ब्रू करणे’ म्हणजे ‘आधण आणणे’ का?

नाही. आधण पाण्याला येतं, चहाला नाही. आणि ते ‘कोमट आधण’ म्हणणं कृपा करून थांबवा! विसण घातलं की आधण संपलं.

काहीजण हा शब्द ‘आधान’वरून, म्हणजे चुलीवर ‘ठेवणे’ यावरून काढतात. ऐकायला बरं वाटतं, पण पटत नाही. दोन स्वरांमधला ‘ध’ आपल्याकडे सहसा ‘ह’ होतो: दधि–दही, बधिर–बहिरा. शिवाय स्थान–ठाण यात ‘आ’ टिकला, मग आधानाचाच कुठे गेला? ‘आहाण’ तरी व्हायला हवं होतं. खरं मूळ ‘आदहन’. भोजपुरी-अवधीत भाताच्या उकळत्या पाण्याला आजही ‘अदहन’च म्हणतात, ‘ह’सकट. आपण द आणि ह एकत्र करून ध केला, एवढंच. गंमत म्हणजे अथर्ववेदातलं ‘आदहन’ ही जाळण्याची जागा आहे. तिथून निघालेला शब्द आपल्या चहाच्या पातेल्यात येऊन बसला!

म्हणजे आधण ही अवस्था आहे, आकडा नव्हे. तैवानच्याच, अलिशानहून उंच अशा लिशान डोंगरावरच्या मळ्यांत, सुमारे २००० मीटरवर, पाणी ९३ अंशांनाच उकळतं. तिथलं आधण तुमच्या पाकिटावरच्या आकड्यापर्यंत पोचतच नाही, तरी तिथे चहा होतोच. उलट आपल्याकडे लोक ‘नाजूक चहा’ म्हणून पाणी निववत बसतात. हजार मीटरच्या वरचा हा चहा घट्ट गोळ्या वळलेला असतो. चांगलं तापलेलं पाणी नसेल तर त्या फुलत नाहीत, आणि घोट गिळल्यावर घशात मागाहून येणारा गोडवा (चिनीत ‘हुईगान’) येतच नाही.

हां, ब्रू. चिनीत पत्तीवर पाणी ओतून ठेवणं ते ‘पाओ’ आणि उकळणं ते ‘झू’, असे दोन वेगळे शब्द आहेत. आपण सगळ्यालाच ‘चहा टाकणे’ म्हणतो, कारण आपण उकळतोच. ऊलाँगसाठी ‘मुरू देणे’ चालेल. लोणच्याइतका नाही, छोट्या किटलीत पाच-सहा ग्रॅम पत्ती असेल तर पहिल्या खेपेला मिनिटभर पुरे. पत्ती फेकू नका, आणखी चार-पाच खेपा निघतात. दर खेपेला नवं आधण.