सासूबाईंचे कागद आणि तुझी झोप

प्रश्न : मावशी, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. पाच एकर कोरडवाहू वावर, कपाशी आन् तूर. दीड वर्षापूर्वी सासूबाईंना लकवा मारला. वय बासष्ट. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धंमुर्धं कळते. धुणं-पुसणं, भरवणं सारं माह्याकडे. माही मजुरी सुटली. लाडक्या बहिणीचे दीड हजार डायपरातच जातात. नवरा म्हणतो, आईचं करणं माणसाचं काम नव्हे. भासरे चाकणला कंपनीत आहेत. ते म्हणतात, वावर तुम्ही वाहता तर आईलाही तुम्हीच पाहा. वेचणीच्या दिवसांत मोठ्या पोरीला घरी बसवावं लागते, आठवीत आहे. सासूबाईंच्या कमरेला जखम झाली. तहसीलीजवळ एकानं निराधारचं काम करून देतो म्हणून पाच हजार मागितले. कधी कधी मनात येते, बाई सुटली तर बरं. मग दिवसभर स्वतःचीच लाज वाटते. आमच्यासारख्यांसाठी कोठं काही मदत असते का?
— एक सून

उत्तर : बाई, पोरीचं वाक्य तू घाईघाईनं लिहून पुढं गेलीस. मी तिथंच अडकले. पोरीला शाळेत पाठव, वेचणी असो की नसो. बुडालेली मजुरी पुढच्या हंगामात थोडीफार भरून निघते. आठवीत सुटलेली शाळा पुन्हा धरणारी पोर गावाकडे विरळा. आधी गणित सुटतं, मग वर्गात जायची लाज वाटते, आणि तेवढ्यात कोणीतरी स्थळ घेऊन दारात उभं राहतं. शाळेतून आल्यावर आजीजवळ तासभर बसली, दोन घास भरवले, तर चांगलंच. पण आजी ही तिची दिवसभराची ड्युटी नव्हे.

दुसरी घाई जखमेची. नुसती लाल झाली आहे की कातडी फाटून आत गेली आहे, हे तू लिहिलं नाहीस. दोन्हींत उपकेंद्रावरच्या सीएचओंना, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, आजच निरोप धाड. उपकेंद्राचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय, आणि म्हाताऱ्यांची, अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा त्यांच्या कामातच धरलेली आहे. आशाताईंना सोबत घे, म्हणजे निरोप वाटेत हरवत नाही. ताप आला, जखमेला वास सुटला किंवा काळं पडलं तर थेट रुग्णालय गाठ.

सासूबाई बाजेवर निजत असतील तर त्यांना आधी तिथून हलव. सुतळी सैल झाली की मधोमध झोळ पडतो आणि सारा भार कमरेच्या हाडावर येतो. सपाट पलंगावर जाड गादी घाल आणि चादर ताणून बसव, सुरकुती राहू देऊ नको. दोन-दोन तासांनी कूस बदल. लाल झालेली जागा चोळायची नाही. बाईला गादीवरून ओढायचं नाही, खाली दुहेरी चादर घालून दोघांनी उचलून सरकवायचं.

दोघांनी म्हटलं, कारण हे एकटीचं काम नाहीच. जो माणूस रानडुकरं हाकलायला रात्रभर जागलीला बसतो, त्याला आईची कूस बदलायला उठता येतं. धुण्या-पुसण्याचं तू पाहा. तिथं सासूबाईंनाही लेकासमोर संकोच वाटेल, तेवढं मी मान्य करते. पण भरवणं, औषधं, रात्रीची एक पाळी आणि सारे कागद त्याचे. 'माणसाचं काम नव्हे' हे ज्यानं ठरवलं, त्याला कधी दीड वर्ष डायपर बदलावे लागले नसणार.

आता तू विचारलंस ते. मदत असते, पण तुझ्या नावानं नसते. केरळात आश्वासकिरणम् नावाची योजना आहे, तिथं अंथरुणावरच्या माणसाला सांभाळणाऱ्याला दरमहा थोडी रक्कम मिळते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही सांभाळणाऱ्यासाठीच्या भत्त्याचा उल्लेख आहे. गावातल्या सुनेच्या हातात मात्र त्यातलं काही पडत नाही. आपल्याकडे जे मिळतं ते आजारी माणसाच्या नावानं, आणि कागद असला तरच. म्हणून सासूबाईंचे कागद करणं हीच तुझी मदत समज.

पहिला कागद दिव्यांग प्रमाणपत्र. लकव्यानं गेलेले हातपाय त्यात बसतात. अर्ज ऑनलाइन होतो, गावातलं किंवा तालुक्याचं सेवा केंद्र भरून देतं. मग सरकारी रुग्णालयात तपासणी. तपासणीचे वार ठरलेले असतात. नुसतं कोणीतरी सांगितलं म्हणून गाडी करून निघू नका, आधी वार आणि डॉक्टर दोन्ही पक्के करून घ्या. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात शिबिर लागणार असेल तर आशाताईंना कळतं. जाताल तेव्हा लकव्याच्या वेळचे डिस्चार्जचे कागद, आधार आणि फोटो न्या. त्याच खेपेत फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या. घरी करायचे व्यायाम तो शिकवतो, तेव्हा नवऱ्याला आत उभं कर, तू बाहेर चहा घे.

४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व लागलं की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलीत टाका. दिव्यांगांसाठी घरच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे, तहसीलदारांचा दाखला लागतो. दिव्यांग लाभार्थ्याला ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये झाले आहेत. डायपर त्यातून येऊ दे, तुझे दीड हजार तुझ्याकडे राहू दे. खातं सासूबाईंच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. उजव्या हाताचे ठसे उठत नसतील तर डाव्या हाताची बोटं चालतात, मशीनवाला 'नाही होत' म्हणाला तरी करून पाहायला लावा. वर्षाला हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो चुकला की पैसे अडकतात. पाच हजारवाल्याला नमस्कार करा. प्रमाणपत्राला आणि अर्जाला दलाल लागत नाही. सेवा केंद्राची ठरलेली फी द्या, पावती घ्या, आणि अर्जाच्या पोचेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

प्रमाणपत्र हाती आलं की ग्रामपंचायतीत जा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. लहान गावात रक्कम मोठी नसते, पण बहुतेक गावांत ती मागणारंही कोणी नसतं. ग्रामसेवकाला तोंडी विचारलं तर 'बघू' असं उत्तर मिळेल; लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि नवऱ्याला ग्रामसभेत उभं राहून विचारू दे. व्हीलचेअर, कमोडची खुर्ची यांसाठी साठ वर्षांवरच्यांना राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. त्याची मोजणी-शिबिरं लागतात, पंचायत समितीत नाव देऊन ठेवा. कमोडच्या खुर्चीनं तुझ्या कंबरेचं अर्धं दुखणं कमी होईल, म्हणून ती विसरू नको. कुठं अडलं तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फुकटचा नंबर आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

तुझ्या मनातल्या विचाराबद्दल. 'माझ्या मनात असं कधी आलंच नाही' म्हणणाऱ्या बाईवर माझा विश्वास बसत नाही. रात्री तीनदा उठणाऱ्या कोणाच्याही मनात ते येतं आणि सकाळी तीच बाई पेज गार करून भरवते. त्यात पाप नाही. सासूबाईंऐवजी आपणच सुटावं असं वाटू लागलं, तर मात्र माझ्या उत्तराची वाट पाहायची नाही. १४४१६ लाव. टेली-मानस म्हणतात त्याला. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली नवऱ्याकडे. आणि शेतकरी कुटुंबांच्या मनाची विचारपूस करायला प्रेरणा प्रकल्पाच्या आशाताई घरी आल्या, तर नवऱ्याच्या कर्जावर आणि कपाशीच्या भावावर सारा वेळ घालवू देऊ नको. तुझी झोप किती होते तेही त्यांना सांग.

राहिले भासरे. कायदा त्यांच्या बाजूनं नाही. २००७ च्या आईवडिलांच्या पालनपोषणाच्या कायद्यात सगळी सज्ञान मुलं येतात, वावर कोण वाहतं यानं चाकणचा मुलगा सुटत नाही. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, महिन्याला १०,००० पर्यंत खर्च लावता येतो. अर्ज आईच्या नावानं करायचा असतो. तिला स्वतःला जमत नसेल तर तिनं नेमलेलं माणूस करू शकतं. पण लगेच तिकडे जाऊ नका. भावाभावांत एकदा तारीख लागली की वावराच्या वाटणीपर्यंत जातं, आणि त्यात बुढीकडे पाहायला कोणाला वेळ राहत नाही.

आधी पैसे मागू नको, दिवस माग. वेचणीचा पंधरवडा जाऊबाईंनी इथं येऊन काढावा किंवा भासऱ्यांनी सुट्टी टाकावी. फोन तू नको करू, नवऱ्याला करायला लाव, आणि तो पुटपुटत बसला तर त्याच्याजवळ बसून हे म्हणवून घे : "दादा, कापूस फुटला, आम्हाला पंधरा दिवस माणूस पाहिजे. वहिनी येते का तू येतं, तेवढं सांग. नसंल जमत तर त्या पंधरा दिवसांची बाई लावतो, मजुरी तू पाठव."