फॉरमॅट न मारता विंडोज ११

प्रश्न : २०१९ साली घेतलेल्या आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे. सासूबाईंच्या जात्यावरच्या साडेतीनशे ओव्या मी फार पूर्वी टाइप केल्या, त्या त्यातच आहेत. दुकानदार म्हणतो, विंडोज ११ टाकायला फॉरमॅट मारावं लागेल. ओव्या जातील का?
– एक वाचक, वाई

उत्तर : ताई, फॉरमॅट मारू देऊ नका. चालू विंडोजमधूनच अपग्रेड केलं, तर फाइली, प्रोग्रॅम, फॉन्ट जागच्या जागी राहतात. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला की तिथलं सगळं पुसलं जातं, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात. माझ्या वडिलांनी तीन वर्षं खपून लिहिलेला गावचा इतिहास असाच गेला. ‘डी ड्राइव्हला हात लावला नाही,’ असं दुकानदार सांगत राहिला. ते खरंही होतं. फाइल डेस्कटॉपवर होती.

आधी मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून मशीन चालेल का ते बघा. टीपीएम २.० (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही असं आलं, तर ते बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, नुसतं बंद नाही ना, हेही पाहून घ्या.

मग ओव्यांची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्या आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. इथे बहुतेकांची गफलत होते. जुनं मराठी टायपिंग बऱ्याचदा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसतं. ज्या फॉन्टमध्ये टाइप केलं तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसेल, तर ‘पहिली माझी ओवी’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल शाबूत, पण वाचता येत नाही! म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून तो फॉन्टही कॉपी करा, आणि आजच, याच मशीनवर, सगळ्या ओव्यांची पीडीएफ करून ठेवा.

अपग्रेड करताना काही वेळा काय ठेवायचं असं विचारतात. तिथे ‘पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स’ निवडा. नुसत्या ‘पर्सनल फाइल्स’ निवडल्या, तर ओव्या राहतील, पण बाहेरून टाकलेला फॉन्ट जाईल.

नंतर दहा दिवस विंडोज १० वर परतता येतं. तोवर जुनं विंडोज ठेवलेलं ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर उडवू नका. त्या दिवसांत एकदा ओव्यांची फाइल पहिलीपासून साडेतीनशेव्या ओवीपर्यंत वाचून काढा. सासूबाई शेजारी बसल्या तर चुकलेला शब्दही लगेच सापडेल.